दोन इतिहासकारांमधलं अंतर

ग्रँट डफ म्हणतो नर्मदा, सरदेसाई म्हणतात भेलसा. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना नेमकी कुठे कळली, एवढाच मुद्दा. डफच्या मते पेशवे नर्मदा ओलांडत होते, तेव्हा त्यांच्या माणसांनी एका काशिदाला अडवलं. सरदेसायांच्या मते हे घडलं 24 जानेवारी 1761 रोजी, भेलशाच्या मुक्कामी, म्हणजे आजच्या विदिशात. पत्र सावकारी, दक्षिणेत चाललेलं. त्यातला मजकूर तुम्हाला शाळेपासून ठाऊक आहे: गळालेले दोन मोती, हरवलेल्या सत्तावीस मोहरा आणि मोजदादीपलीकडे गेलेली चांदी-तांब्याची नाणी. मोती कोण, तेही सांगायला नको. ते पत्र ज्या पायांनी आणलं, त्या पायांवर मात्र परीक्षेत कधी प्रश्न आला नाही.

भेलसा आणि नर्मदा यांच्यामध्ये भोपाळ आहे. भेलशाहून भोपाळ, भोपाळहून इछावर, तिथे बुऱ्हाणपूरच्या जुन्या शाही रस्त्याला लागायचं, विंध्य उतरायचा आणि हंडियाला नर्मदेचा उतार गाठायचा. पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. आल्प्समध्ये माँ ब्लाँला वळसा घालणारी नामांकित शर्यत साधारण एवढीच लांब आहे (चढ तिथला कितीतरी जास्त, हे कबूल). इतिहासकार वाद मिटवतील तेव्हा मिटवतील. तुम्ही त्या वादाची लांबी पळून बघा. डफच्या बाजूने, कारण ती वाट लांब आहे.

बूट काढा. घड्याळही. जेलची पाकिटं, पाठीवरची पाण्याची पिशवी, कपाळावरचा दिवा, सगळं विदिशा स्टेशनच्या फलाटावर राहू द्या. अंगावर बंडी, गुडघ्यापर्यंत आवळलेलं धोतर, खांद्यावर घोंगडी. कमरेला एका बाजूला फुटाणे-गूळ आणि सातूचं पीठ, दुसऱ्या बाजूला मेणकापडात गुंडाळलेलं, पोटाच्या घामाने कोमट झालेलं पत्र. पायांत जाड कातडी वहाणा. अंगठ्याजवळचा फोड कालच फुटला आहे आणि त्यावर तेलाचं बोट फिरवण्यापलीकडे काही झालेलं नाही.

काशीद रिवाजाने जोडीने धाडत, एक पडला तर दुसरा जावा म्हणून. तुमचा जोडीदार तुमच्याहून वीसेक वर्षांनी मोठा आहे. त्याच्या काठीला घुंगरू आहे. आज दहावा दिवस.

पौष वद्य तृतीयेच्या आसपासची तिथी. अंधार पडून बराच वेळ झाल्यावर चंद्र वर येतो आणि म्हातारा उठतो. "चल पोरा. उजेड आला."

तुम्ही पहिल्याच कोसात जोर लावता. तुम्हाला सवयच आहे, सुरुवातीची रेघ ओलांडली की गर्दीतून पुढे घुसायची. मागून काठी पोटरीवर बसते, हलकीच. "घोडा हायस का? दुडकीनं चल." त्याची रीत साधी आहे. चढ चालायचा, सपाटीला दुडकी, उतारावर अंग सैल सोडायचं, आणि थांबायचं फक्त पाण्यापाशी. आजचे प्रशिक्षक हेच शिकवतात आणि त्याची फी घेतात. सांचीची टेकडी डाव्या हाताला काळी दिसते. स्तूप झाडोऱ्यात बुडालेला आहे. तो जगाच्या नजरेस यायला अजून सत्तावन्न वर्षं आहेत आणि म्हाताऱ्याला त्याचं काही नाही. पुढे कुठेतरी तुम्ही कर्कवृत्त ओलांडता. तुमच्या काळात तिथे रस्त्यावर खूण आहे आणि लोक तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. आत्ता तिथे ओलसर हरभऱ्याचं शेत आहे. म्हातारा पळता पळता दोन डहाळे उपटतो आणि एक तुम्हाला देतो. घाटे कोवळे आहेत, आंबट. इतका चांगला खाऊ तुम्हाला आजवर कुठल्याच शर्यतीत मिळालेला नाही.

तिसाव्या-पस्तिसाव्या किलोमीटरला पाय एकदम परके होतात. स्नायूंत साठवलेली साखर संपली, हे तुम्ही ओळखता. त्याच्याकडे त्याला नाव नाही, उपाय आहे. सातूचं पीठ, गूळ, मीठ, लोट्यात कालवून. वरून पाणी ढोसायला लागलात तर तो लोटा काढून घेतो. मीठ न घेता नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं आणि माणूस भ्रमिष्टासारखा होतो, हे वैद्यकाच्या पुस्तकात अलीकडे आलं. तो ते कुणाला तरी वाटेत आडवं झालेलं पाहून शिकला असावा.

इथे थोडा हिशेब करू, पाय चालू ठेवून. डफ लिहितो की हा काशीद पानिपतहून औरंगाबाद नऊ दिवसांत गाठायच्या बोलीवर निघाला होता. अंतर बाराशे किलोमीटरहून अधिक, म्हणजे रोजचे सव्वाशेच्या वर. न्यूयॉर्कमध्ये 3100 मैलांची एक शर्यत होते, जगातली सर्वांत लांब प्रमाणित शर्यत म्हणतात तिला. मुदत 52 दिवस, म्हणजे रोज साधारण 96 किलोमीटर, तेही सपाट फूटपाथवर, आयतं जेवण हातात घेत. नऊ दिवसांचा आकडा माझ्या गळी उतरत नाही. सरदेसायांची तारीख धरली तर भेलशालाच दहा दिवस झालेले असतात. 14 जानेवारीची लढाई, 24 ला भेलसा, मधे साडेसातशेच्या आसपास किलोमीटर. रोजचे पंचाहत्तर. हे मात्र पटतं. पटतं म्हणजे सोपं वाटतं असं नाही. मॅरेथॉनच्या 42 किलोमीटरवर आणखी तेहेतीस, थंडीत, दहा दिवस ओळीने, आणि शेवटी पदक नाही.

भोपाळला उजाडतं. बडा तलाव आजच्यासारखाच धुक्याखाली आहे, फक्त काठावर गाव लहान आणि फतेहगडाचा तट मोठा. गादीवर नवाब फैज मुहम्मद खान आहे, कारभार बेगम ममोलाबाईच्या हाती. म्हातारा गावात शिरत नाही. तलावाच्या कडेने जाताना तो हनुवटीने तटाकडे खूण करतो. तेवीस वर्षांपूर्वी बाजीरावाने निजामाला इथेच कोंडला होता. रसद तोडली, आणि 1738 च्या जानेवारीत दोराह्याला निजामाकडून माळवा लिहून घेतला. "तवा बी मीच व्हतो," तो म्हणतो. "पुण्याला निघालो तर गावागावात माणसं वाट अडवून इचारायची. गूळ द्यायची. एकानं कडं दिलं."

"आणि आता?"

तो उत्तर देत नाही. पानिपतचा विषय निघाला की तो पावलं वाढवतो, हे तुमच्या उशिरा लक्षात येतं.

दिवस इछावरकडे जातो. माळव्याची काळी जमीन, भेगाळलेली, घोटा मुरगळायला टपलेली. अफूच्या शेतांत रोपं गुडघ्याएवढी, अजून फुलावर नाहीत. एका विहिरीपाशी म्हातारा डबीतून काळी गोळी काढून जिभेखाली ठेवतो. तुम्हाला देत नाही. या पट्ट्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सपाटीचे पन्नास किलोमीटर हे पन्नास किलोमीटरच असतात आणि ते असे कंटाळत, मनातल्या मनात कुणाशी तरी भांडतच संपतात.

खरी परीक्षा रात्री, पठार संपतं तिथे. पाचशे मीटर उंचीवरचा माळवा इथे एकदम तुटतो आणि खाली नर्मदेचं खोरं उघडतं. चढाने दम जातो, उताराने मांड्या जातात. प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, त्याचे तंतू फाटतात, आणि दहा दिवसांच्या मांड्यांत फाटायला फारसं उरलेलं नसतं. साग, धावडा, बांबू. वाळलेल्या पानांखाली सुटे दगड. चंद्र वर यायच्या आधीचा अंधार, म्हणून म्हातारा घुंगराची काठी आपटत पुढे आणि तुम्ही त्या आवाजावर पाऊल टाकत मागे. वाघ या रानात खराच आहे.

मग दगड उठून बसू लागतात. आधी एक, मग वाटेच्या दोन्ही अंगांना ओळीने, घोंगड्या पांघरलेले. दोन रात्री डोळा न लागलेल्या धावपटूंना असं दिसतं. तुमच्या ओळखीच्या कुणी तरी लोणावळ्याच्या घाटात पहाटे चार वाजता बसलेली माणसं पाहिलेली आहेत. तुम्ही म्हाताऱ्याला सांगता.

"मला बी दिसत्यात," तो म्हणतो. "पानपतापासनं दिसत्यात. त्यांच्याशी बोलू नगंस म्हंजी झालं."

एवढंच. आणि मग तुमच्या डोक्यात प्रकाश पडतो. कमरेच्या पत्रात काय आहे, हे त्याला वाचता आलं नसेल. पण तो जिथून निघाला तिथे काय झालं, हे त्याने पाहिलेलं आहे. मोती कोणते आणि मोहरा कोणत्या, हे त्याला कोडं नाहीच. दहा दिवस, साडेसातशे किलोमीटर, प्रत्येक धर्मशाळेत आणि प्रत्येक उतारावर त्याने ते गिळलं आहे. काशिदाची बोली पत्र पोचवायची असते, तोंड उघडायची नाही.

फटफटताना हंडिया. नर्मदा रुंद, तिच्यावर वाफ. मांड्या आता वाकत नाहीत, तुम्ही शेवटचा उतार बाजूने, खेकड्यासारखे उतरता. काठावर घोडी, राहुट्या, भगवं निशाण. पेशव्यांचे लोक. गेला महिनाभर उत्तरेकडून धड खबर नाही, म्हणून येणारा प्रत्येक काशीद ते अडवताहेत. नानासाहेब डिसेंबरच्या अखेरीस पैठणला दुसरं लग्न करून इकडे आलेले आहेत. जूनच्या 23 तारखेला ते पर्वतीवर जातील. हे तुम्हाला माहीत आहे आणि सांगायची सोय नाही.

एक शिलेदार तुमच्या बंडीला धरतो. कंबर चाचपली जाते, मेणकापड निघतं. कोण, कुठून, कुणाचे, एवढं विचारून तो ते घेऊन मोठ्या राहुटीकडे पळतो. तुम्हाला वाटतं, आता म्हाताऱ्याला विचारतील: काय पाहिलंस? भाऊ कुठे आहेत? कुणी विचारत नाही. लिहिलेलं हाती लागल्यावर माणसाकडे कोण बघतो.

थांबल्याबरोबर पाय लाकूड होतात. तुम्ही वाळूत बसता, म्हातारा बसत नाही. बसला तर उठता येणार नाही हे त्याला कळतं. राहुटीतून आधी काहीच ऐकू येत नाही, मग एकदम पुष्कळ माणसांचे आवाज. घोडी खुरं आपटतात. कुणीतरी धावत बाहेर येऊन दुसऱ्या राहुटीत जातं.

तो शिलेदार परत येतो तेव्हा त्याचं तोंड पांढरं झालेलं असतं. हातात पत्र नाही. म्हातारा त्याच्या रिकाम्या हाताकडे बघतो, काठी दुसऱ्या हातात घेतो.

"सायेब, वाचून झालं असंल तर द्या की माघारी. बोली औरंगाबादची हाय."