दूरनियंत्रित फिरती आरागिरणी

दूरनियंत्रित फिरती आरागिरणी म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येणारे आणि बिनतारी रिमोटने चालवता येणारे लाकूड चिरण्याचे यंत्र होय. स्थिर आरागिरणीत ओंडका करवतीकडे सरकवला जातो. फिरत्या आरागिरणीत बहुधा ओंडका जागेवर पक्का बांधलेला असतो आणि करवतीचे डोके रुळांवरून त्याच्यावर सरकते. या डोक्याची हालचाल, उंची आणि गती हातातील रिमोटने ठरवता आल्यास चालकाला पात्याजवळ उभे राहण्याची गरज उरत नाही. मात्र यंत्र दुरून चालवता येणे आणि ते खात्रीने थांबवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रचना

प्रचलित फिरत्या आरागिरण्या आडव्या पट्टा करवतीच्या असतात. दोन चाकांवर ताणलेले, टोके जोडून अखंड केलेले पोलादी पाते सेकंदाला साधारण २५ मीटर वेगाने फिरते. पात्याची रुंदी सुमारे ३२ ते ३८ मिलिमीटर असते. एका कापात भुशाच्या रूपाने वाया जाणारी जाडी २ ते ३ मिलिमीटर भरते, तर मोठ्या गोल करवतीत हीच जाडी ५ ते ६ मिलिमीटरपर्यंत जाते. म्हणजे एका ओंडक्यावर दहा काप घेतले की जवळपास एका इंची फळीइतके लाकूड वाचते. सागासारख्या महाग लाकडाच्या बाबतीत हा फरक थेट पैशांत मोजला जातो.

यंत्र पेट्रोल किंवा डिझेल इंजिनावर अथवा विजेच्या मोटारीवर चालते आणि चाके लावून ट्रॅक्टर किंवा जीपमागे ओढून नेता येते. अमेरिकेतील वूड-मायझर या १९८२ पासूनच्या कंपनीने या प्रकाराचा प्रसार मोठ्या प्रमाणावर केला. साध्या यंत्रात डोके हाताने ढकलतात. त्यापुढच्या यंत्रात ही हालचाल मोटारीने होते, आणि जेथे मोटार आहे तेथेच रिमोट जोडता येतो. हाताने ढकलायच्या यंत्राला रिमोट लावून फारतर पाते बंद-चालू करता येईल.

वऱ्हाडातील पार्श्वभूमी

अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांच्या उत्तर सीमेवर सातपुड्याची गाविलगड रांग आहे. तिच्यातील मेळघाटचे जंगल शुष्क पानझडी प्रकारचे असून त्यात साग प्रमुख आहे. ऐन, धावडा, हळदू, तिवस ही तेथील इतर झाडे. या डोंगरांच्या पायथ्याशी, अचलपूरला लागून असलेले परतवाडा हे वऱ्हाडातील इमारती लाकडाचे जुने केंद्र आहे. वनखात्याच्या आगारात लाकडाचे लिलाव होतात आणि गावात आरागिरण्या व फर्निचरचा धंदा त्यावर उभा राहिला. १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटचा समावेश झाला. अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यातील नरनाळा परिसरही याच डोंगराळ पट्ट्याचा भाग आहे.

जंगलाबाहेरचे लाकूड वेगळे. सपाट काळ्या जमिनीत शेताच्या धुऱ्यावरील बाभूळ, कडुनिंब, आंबा ही झाडे शेतकऱ्याच्या मालकीची असतात. बाभळीचे लाकूड जड आणि चिवट असल्याने बैलगाडीचे भाग, वखर, तिफण, डवरा यांसाठी ते पूर्वापार वापरले जाते. असे एखाद-दुसरे झाड तोडल्यावर ओंडके गाडीत भरून तालुक्याच्या आरागिरणीवर न्यावे लागतात. जड ओंडके चढवणे-उतरवणे, गाडीभाडे आणि ताटकळणे हा खर्च कधी कधी चिराईच्या मजुरीपेक्षा मोठा ठरतो. यंत्रच धुऱ्यावर नेण्याची कल्पना यामुळे आकर्षक वाटते.

पारंपरिक आरागिरणीत उभी पट्टा करवत असते. लहान गिरण्यांत ओंडका ठेवलेली ट्रॉली एक कामगार पुढे ढकलतो, दुसरा पलीकडून फळी धरून ओढतो. शेवटच्या कापाला, लाकूड अरुंद उरलेले असताना, दोघांचेही हात पात्याच्या अगदी जवळ येतात. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत अंगठा गेल्यास कमाईच्या क्षमतेची ३० टक्के हानी, संपूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के आणि एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के हानी धरली होती. करवतीवर काम करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हे आकडे फार उदार म्हणता येणार नाहीत. ज्याची सारी कमाई हाताच्या पकडीवर आहे, त्याला चार बोटे गेल्यावर निम्मी क्षमता उरतेच असे नाही.

कायदेशीर स्थिती

लाकूड कोठे चिरावे यावर शासनाचे नियंत्रण जुने आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ४१ नुसार राज्य शासनाला लाकडाच्या वाहतुकीबरोबरच लाकूड चिरण्याच्या खड्ड्यांवरही निर्बंध घालता येतात. त्या काळी खड्ड्यावर ओंडका आडवा ठेवून एक माणूस वर आणि एक खाली राहून करवत ओढत असे. झाडतोडीसाठी महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा लागू आहे. साग, आंबा, मोह, चिंच यांसारखी अनुसूचीतील झाडे मालकीची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

आरागिरण्यांवरील सर्वांत मोठा परिणाम टी. एन. गोदावर्मन थिरुमुलपाड विरुद्ध भारत सरकार या खटल्याने झाला. १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च १९९७ रोजी महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातील सर्व विनापरवाना आरागिरण्या तत्काळ बंद करण्याचा आणि नवे परवाने न देण्याचा आदेश दिला. हा आदेश डावलून काही गिरण्यांना परवानगी दिल्याबद्दल १० मे २००६ रोजी न्यायालयाने त्या काळचे राज्याचे वनमंत्री स्वरूपसिंह नाईक आणि वनविभागाचे प्रधान सचिव अशोक खोत यांना अवमानाबद्दल प्रत्येकी एक महिन्याच्या कारावासाची शिक्षा सुनावली. पुढे ५ ऑक्टोबर २०१५ च्या आदेशाने परवान्यांचा विषय राज्यस्तरीय समित्यांकडे देण्याचा मार्ग मोकळा झाला आणि ११ नोव्हेंबर २०१६ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने लाकूड-आधारित उद्योगांची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

या तत्त्वांत आरागिरणीची व्याख्या पक्क्या बांधकामातील किंवा आवारातील यंत्रसामग्री अशी आहे. परवाना जागेला मिळतो, आणि अधिसूचित वनाच्या हद्दीपासून १० किलोमीटरचे अंतर हा त्यातील महत्त्वाचा निकष आहे. चाकांवरचे यंत्र या चौकटीत सहज बसत नाही. ते आज सपाटीवरील गावात आणि उद्या मेळघाटच्या पायथ्याशी असू शकते, आणि चोरट्या सागाचा ओंडका एकदा फळ्यांत बदलला की त्यावरील हातोड्याची निशाणी नाहीशी होते. वनखात्याच्या दृष्टीने यंत्राची गतिशीलता हीच अडचण आहे. म्हणून असे यंत्र घेण्यापूर्वी उपवनसंरक्षक कार्यालयाची लेखी परवानगी आवश्यक ठरते. परवानाधारक गिरणीच्या आवारातच ते वापरणे हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे. रिमोटमुळे होणारा सुरक्षिततेचा फायदा आवारातही तितकाच मिळतो.

रिमोटचे कार्य

रिमोटमधील प्रेषक प्रत्येक बटणासाठी सांकेतिक संदेश पाठवतो. यंत्रावरील ग्राहक तो ओळखून रिले चालू करतो आणि रिलेमार्फत मोटारीचा कॉन्टॅक्टर किंवा हायड्रॉलिक झडप काम करते. प्रत्येक रिमोटला स्वतंत्र संकेतांक असतो, त्यामुळे शेजारच्या यंत्राचा रिमोट हे यंत्र चालवू शकत नाही. डोके पुढे-मागे नेणे, वर-खाली करणे, ओंडका पकडणे व उलटवणे, पात्यावरील पाणी सोडणे ही कामे साधारणतः रिमोटवर असतात. स्वस्त रिमोटमध्ये गती केवळ चालू किंवा बंद असते, तर चांगल्या रिमोटमध्ये ती कमी-जास्त करता येते. बाभळीच्या गाठीपाशी गती कमी करता आली नाही तर पाते लाटेसारखे वाकते आणि फळी जाड-पातळ निघते.

भारतात अशा उपकरणांना दूरसंचार विभागाच्या वायरलेस नियोजन व समन्वय शाखेची उपकरण-मान्यता लागते. कमी शक्तीच्या वापरासाठी ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झ, ८६५ मेगाहर्ट्झच्या पुढचा एक अरुंद पट्टा आणि २.४ गिगाहर्ट्झ हे पट्टे परवानामुक्त आहेत. अमेरिकेतील अनेक रिमोट ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झवर चालतात. भारतात त्या पट्ट्याचा काही भाग मोबाइल सेवेचा असल्याने बाहेरून आणलेला असा रिमोट येथे वापरता येत नाही.

थांबवण्याची व्यवस्था

रिमोटचा खरा कस थांबवण्यात लागतो. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०२०४-१ मध्ये थांबण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: शक्ती तत्काळ तोडणे, नियंत्रित रीतीने थांबवून मग शक्ती तोडणे आणि शक्ती चालू ठेवून थांबवणे. बिनतारी नियंत्रणासाठी आयईसी ६२७४५ हे २०१७ चे स्वतंत्र मानक आहे. संदेश तुटला, बॅटरी संपली किंवा रिमोट पडून फुटला, तर यंत्राने आपोआप थांबावे ही त्यामागील मूळ अपेक्षा आहे. बाजारातील क्रेनचे रिमोट आरागिरणीला जोडताना ही गोष्ट हमखास निसटते. रिलेचे संपर्क चिकटले तर बटण सोडूनही मोटार चालू राहते. म्हणून थांबवण्याच्या मार्गात दोन कॉन्टॅक्टर एकापाठोपाठ जोडतात. विहिरीवरील पंप मोबाइलने चालवणारे स्टार्टर वऱ्हाडात सर्वत्र दिसतात, पण ते जाळ्याच्या उपलब्धतेवर अवलंबून असतात आणि त्यांना लागणारा वेळ अनिश्चित असतो. करवतीसाठी ते पूर्णतः अयोग्य आहेत.

शक्ती तोडल्यानंतरही चाकांच्या जडत्वाने पाते काही काळ फिरत राहते. ब्रेक नसलेल्या यंत्रात लाल बटण दाबणे म्हणजे पाते थांबणे नव्हे.

दुसरा धोका माणसांच्या जागांमुळे निर्माण होतो. रिमोट असलेला चालक पात्यापासून दूर जातो, परंतु कापलेली फळी उचलणारा मदतनीस यंत्रापाशीच असतो आणि त्याच्या हातात काहीच नसते. पूर्वी दोघेही एकमेकांच्या नजरेत आणि हाकेच्या टप्प्यात होते. आता इंजिनाच्या आवाजात, काही मीटरवरून, ओंडक्याआडच्या माणसाला न पाहता डोके पुढे सरकवले जाऊ शकते. यासाठी यंत्रावरील तारेने जोडलेली आपत्कालीन बटणे काढून टाकू नयेत, ती मदतनिसाच्या हाताशी असावीत, आणि सुरू होण्यापूर्वी भोंगा वाजावा. फळी उचलली जात असताना चालकाने रिमोट कुलूपबंद ठेवणे हा अनेक ठिकाणी पाळला जाणारा नियम आहे.

चालकाची योग्य जागा पात्याच्या रेषेबाहेर, भुसा उडण्याच्या विरुद्ध बाजूला आणि काप दिसेल इतक्या अंतरावर असते. धुऱ्यावरील झाडांच्या खोडात जुने खिळे व काटेरी तार सालीखाली गडप झालेली असते. त्यावर पाते आदळून तुटले तर तुकडा रेषेतच फेकला जातो. धातूशोधक फिरवून ओंडका तपासल्यास हा धोका पुष्कळ कमी होतो. दुरून काम करणाऱ्याला पात्याची थरथर जाणवत नाही आणि बोथट पात्याचा बदललेला आवाज उशिरा कळतो. सागात सिलिका असल्याने पाते लवकर बोथट होते, म्हणून रिमोटवर काम करताना पाते ठरावीक वेळेने बदलावे लागते.

वऱ्हाडातील वापर व देखभाल

उन्हाळ्यात अकोला-अमरावतीचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. उन्हात ठेवलेल्या रिमोटची बॅटरी फुगते आणि पडदा काळा पडतो. ग्राहक पेटी इंजिनापासून दूर, सावलीत आणि भुसा न शिरणाऱ्या आवरणात बसवली जाते. विजेच्या मोटारीवरील यंत्रात दाब कमी झाल्यास कॉन्टॅक्टर फडफडतो. वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होणार नाही अशी जोडणी त्यामुळे अत्यावश्यक आहे. रोज काम सुरू करण्यापूर्वी ओंडका न लावता रिमोटचे लाल बटण, यंत्रावरील प्रत्येक बटण आणि रिमोट बंद केल्यावर यंत्राचे थांबणे या तिन्ही गोष्टी तपासतात. पाते थांबायला लागलेले सेकंदही मोजतात. हा आकडा वाढू लागला की ब्रेकचे अस्तर झिजलेले असते.