घरच्या घरी ध्वनिमुद्रण : संगणकाचे कोणते भाग घ्यावेत, कोणते टाळावेत

चवथ जवळ आली की गोव्यातील वाड्यावाड्यांवर घुमटाचा सराव सुरू होतो. भजनी मंडळे, नाट्यसंगीताचे विद्यार्थी, स्वतः चाली बांधणारे तरुण अशा अनेकांना आपले गायन-वादन आता घरीच ध्वनिमुद्रित करावेसे वाटते. त्यासाठी लागणारी सामग्री पूर्वीइतकी महागही राहिलेली नाही. अडचण येते ती संगणक निवडताना. ‘गेमसाठी हवा की ऑफिसच्या कामासाठी?’ हा दुकानातला पहिला प्रश्न असतो आणि ध्वनिमुद्रण या दोन्ही खणांत बसत नाही. मग कुणी झगमगत्या दिव्यांचा, भल्या मोठ्या ग्राफिक्स कार्डाचा संगणक घरी आणतो आणि माइकसाठी पैसे उरत नाहीत. कुणी सर्वांत स्वस्त यंत्र घेतो आणि ऐन रंगात आलेल्या अभंगात ‘टक् टक्’ असे खंड पडू लागतात.

ध्वनिमुद्रणाच्या संगणकाकडून तीन अपेक्षा असतात. आलेला स्वर त्याने खंड न पाडता टिपावा, टिपताना स्वतः गप्प राहावे आणि एकदा टिपलेले हरवू देऊ नये. प्रत्येक भाग या तीन कसोट्यांवर घासून पाहिला तर निवड सोपी होते आणि बराच खर्चही वाचतो.

कामाचा आवाका

घरगुती कामासाठी ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ही मापे पुरेशी आहेत. म्हणजे एका माइकचे दर सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना ३ बाइट जागा घेतो. हिशेब केला तर एका माइकला मिनिटाला ८.६४ मेगाबाइट आणि तासाला सुमारे ५२० मेगाबाइट जागा लागते. आठ माइक लावून तासभर भजन टिपले, तरी सारे मिळून ४ गिगाबाइटांच्या थोडे वर जाते. लेखनाचा वेग सेकंदाला सव्वा मेगाबाइटही होत नाही. जुनी फिरती हार्ड डिस्कसुद्धा याच्या कितीतरी पट वेगाने लिहू शकते.

२४ बिटांचा आग्रह मात्र सोडू नये. १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. २४ बिटांत तो एवढा वाढतो की आवाजाची पातळी निर्धास्तपणे खाली ठेवता येते. घुमटाची थाप आणि झांजेचा ठोका क्षणात उसळतो. सर्वांत मोठा ठोका कमाल पातळीच्या सुमारे १२ डेसिबल खाली राहील अशी मांडणी केली, तर आवाज फाटत नाही. ९६ किलोहर्ट्झ घेतल्यास धारिका आणि प्रोसेसरवरील भार दोन्ही दुप्पट होतात. गायन-वादनाच्या घरगुती कामात त्या प्रमाणात लाभ होत नाही.

विलंब आणि ऑडिओ इंटरफेस

खरी कसोटी वेळेची असते. संगणक नमुने एकेक करून हाताळत नाही. ठरावीक नमुन्यांची ओंजळ भरली की ती पुढे पाठवतो. या ओंजळीला बफर म्हणतात. २५६ नमुन्यांचा बफर ४८ किलोहर्ट्झला ५.३ मिलिसेकंदांत भरतो. येण्याचा आणि जाण्याचा मिळून विलंब सुमारे ११ मिलिसेकंद, आणि त्यात यंत्रणेचा थोडा वाटा. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांत साधारण साडेतीन मीटर. तबलजी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसला असता एवढेच अंतर पडले असते. गायकाला ते जाणवत नाही. बफर १०२४ नमुन्यांचा झाला की दोन्ही बाजूंचा विलंब ४० मिलिसेकंदांच्या पुढे जातो. गायकाला हेडफोनमध्ये आपलाच आवाज मागून आलेला ऐकू येतो आणि ताल निसटतो. म्हणून टिपताना १२८ किंवा २५६ आणि नंतरच्या मिश्रणाच्या वेळी १०२४ नमुने ठेवण्याची पद्धत आहे.

लहान बफर निर्वेध चालणे हे प्रोसेसरइतकेच ड्रायव्हरवर अवलंबून असते. विंडोजवर यासाठी स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने आणलेली एएसआयओ पद्धत वापरली जाते. मॅकमध्ये कोअर ऑडिओ ही व्यवस्था मूळचीच असते. संगणकावरच्या माइकच्या छिद्रात चांगला माइक जोडून उपयोग नाही. त्यासाठी यूएसबीने जोडायचा स्वतंत्र ऑडिओ इंटरफेस घ्यावा आणि त्याच्या उत्पादकाचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आहे ना, हे आधी पाहावे. कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा आणि माइकचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये ऐकण्याची सोय, या दोन गोष्टीही त्यावर असाव्यात.

गायन आणि पेटी यांना दोन प्रवेश पुरतात. तबला सामील झाला की चार लागतात. घुमट, शामेळ, कासाळे आणि आरत्या म्हणणारे गायक एकत्र टिपायचे असतील तर आठ. या सर्वांना यूएसबी २.० ची गती भरपूर आहे. सोळा माइकांना सेकंदाला साडेअठरा मेगाबिट लागतात आणि त्या जोडणीची नाममात्र क्षमता ४८० मेगाबिटांची आहे. थंडरबोल्टसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. जुने फायरवायर इंटरफेस स्वस्तात मिळतात, पण त्यांच्या जोडणीचे छिद्र नव्या संगणकावर नसते.

प्रोसेसर, रॅम आणि मदरबोर्ड

एका आवाजावर बसवलेले सारे संस्कार एकामागून एक होत असल्याने ती साखळी सहसा प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर चालते. वेगवेगळे आवाज मात्र वेगवेगळ्या गाभ्यांवर वाटले जातात. त्यामुळे गाभ्यांची संख्या फुगवण्यापेक्षा एकेका गाभ्याचा वेग पाहावा. अलीकडच्या पिढीतील इंटेल कोअर आय-५ किंवा एएमडी रायझेन ५ या वर्गातील सहा गाभ्यांचा प्रोसेसर घरच्या कामाला पुरून उरतो.

ग्राफिक्स कार्ड वगळावे. त्याचा ध्वनिमुद्रणाला उपयोग होत नाही. उलट उष्णता आणि पंख्याचा आवाज वाढतो. त्यासाठी प्रोसेसरमध्येच चित्रदर्शनाची सोय असायला हवी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर असते, त्यांत ती नसते. थोडे स्वस्त मिळते म्हणून तो घेतला, तर वेगळे कार्ड घ्यावेच लागते.

रॅम १६ गिगाबाइट असावी आणि ती ८ गिगाबाइटांच्या दोन पट्ट्यांत घ्यावी. पियानो, व्हायोलिनसमूह अशी नमुन्यांवर आधारित आभासी वाद्ये वापरायची असतील तरच ३२ गिगाबाइटांचा विचार करावा. मदरबोर्ड साधा चालतो. त्यावर रॅमच्या चार जागा, एम.२ एसएसडीच्या दोन जागा आणि मागील बाजूस पुरेशी यूएसबी छिद्रे असावीत. उत्तम ध्वनीची जाहिरात करणाऱ्या मदरबोर्डाला भुलू नये. ते काम इंटरफेस करणार आहे.

शांतता

कंडेन्सर माइकला पंख्याची घरघर सहज ऐकू येते आणि एकदा मुद्रणात शिरलेली घरघर स्वराला धक्का न लावता काढणे कठीण असते. म्हणून येथे थोडे अधिक खर्च करणे योग्य ठरते. १२० किंवा १४० मिलिमीटरचे मोठे, सावकाश फिरणारे पंखे लहान आणि वेगवान पंख्यांपेक्षा शांत असतात. प्रोसेसरवर मोठा धातूचा शीतक बसवावा. ग्राफिक्स कार्ड नसल्याने ५०० वॅटच्या आसपासचा वीजपुरवठा संच पुरतो. कमी भाराला ज्याचा पंखा थांबतो असा मिळाल्यास उत्तम.

संगणक शेजारच्या खोलीत ठेवता आला तर निम्मा प्रश्न सुटतो, मात्र यूएसबी २.० ची साधी तार ५ मीटरहून लांब नसावी. यंत्र बंद कपाटात कोंडू नये; तापले की पंखे अधिकच ओरडतात. एका दिशेचाच आवाज घेणारा माइक असेल तर त्याची पाठ संगणकाकडे करावी. छताचा पंखा आणि पत्र्यावरचा पाऊस यांवर कोणत्याही सुट्या भागाचा इलाज नाही. ती वेळच टाळावी.

वीज आणि दमट हवा

मुद्रणात सतत ‘हं’ असा गुणगुणाट ऐकू आला तर बहुधा तो ५० हर्ट्झच्या विजेचा असतो. घरचे अर्थिंग तपासून घ्यावे आणि संगणक, इंटरफेस व इतर उपकरणे एकाच अर्थिंगच्या तीन पिनांच्या जोडणीवर घ्यावीत. लॅपटॉपचा दोन पिनांचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण केले की कित्येकदा हा आवाज नाहीसा होतो.

पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने डेस्कटॉपला यूपीएस आवश्यक आहे. त्याची क्षमता व्हीएमध्ये सांगतात, प्रत्यक्ष वॅट त्याहून कमी असतात. खरेदी करताना वॅटचा आकडा विचारावा. विजा कडाडू लागल्या की सर्व तारा भिंतीपासून सोडवाव्यात.

किनाऱ्याजवळच्या खारट हवेने जोडणीच्या पिनांवर गंज चढतो. माइक सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवावेत, संगणक ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नये आणि काम नसले तरी पावसाळ्यात तो आठवड्यातून एकदोनदा तासभर चालू ठेवावा.

जतन

यंत्र पुन्हा विकत घेता येते, आवाज घेता येत नाही. घरातल्या वृद्धाने म्हटलेली आरती किंवा जुन्या गायकाकडे राहिलेली एखादी चाल कदाचित एकदाच टिपली जाते. ती एकाच डिस्कवर असेल, तर ती डिस्क बिघडण्याचा अवकाश.

चालू काम आणि प्रणालीसाठी १ टेराबाइटची एसएसडी घ्यावी. ती वेगवान असते आणि तिच्यात फिरणारे काही नसल्याने आवाजही होत नाही. संग्रहासाठी बाहेरून जोडायची फिरती हार्ड डिस्क स्वस्त पडते. ती मुद्रणाच्या वेळी काढून ठेवावी. वर्षानुवर्षे विजेविना पडून राहिलेल्या एसएसडीवर संग्रहासाठी विसंबू नये, कारण तिच्यातील विद्युतभार हळूहळू ओसरतो. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक घराबाहेर, हा जुना नियम आजही खरा आहे. मूळ प्रत वेव्ह स्वरूपातच ठेवावी. एमपी-३ करताना काही माहिती कायमची गाळली जाते. गायक, वादक, स्थळ आणि तारीख यांची नोंद सोबत असावी.

तयार यंत्रे आणि जुना संगणक

लॅपटॉपवर चांगले काम होते, मात्र अगदी पातळ यंत्र तापले की आपला वेग घटवते. २०२४ मध्ये आलेला एम-४ चिपचा मॅक मिनी १६ गिगाबाइट रॅमसह मिळतो आणि अतिशय शांत आहे. त्याची रॅम पुढे वाढवता येत नाही, हे खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे.

कमी खर्चात बसवायचे असेल तर कार्यालयांतून निघालेला वापरलेला डेस्कटॉप हा शहाणपणाचा मार्ग आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने विंडोज ११ चालेल असेच यंत्र घ्यावे. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या किंवा त्यानंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यात नवी एसएसडी आणि १६ गिगाबाइट रॅम घातली की घरगुती मुद्रणाला ते पुरते. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि रीपर ६० दिवस वापरून पाहता येते.

खरेदीचा क्रम

प्रथम माइक आणि इंटरफेस ठरवावा, मग कान पूर्ण झाकणारे बंद हेडफोन, आणि उरलेल्या रकमेत संगणक बसवावा. एकूण रकमेच्या निम्म्याहून अधिक वाटा संगणकाने घेतला, तर यादी पुन्हा तपासून पाहावी.

सारे जुळवल्यावर कार्यक्रमाआधी एक चाचणी अवश्य घ्यावी. वाय-फाय बंद करावे, वीजवापराची मांडणी सर्वाधिक कार्यक्षमतेवर ठेवावी, लॅपटॉप असल्यास बॅटरी भरलेली असावी. मग रिकाम्या खोलीचे तासभर मुद्रण करून ते हेडफोनवर ऐकावे. त्यात ‘टक्’ नसेल, घरघर नसेल, गुणगुणाट नसेल आणि दुसऱ्या डिस्कवरची प्रत नीट उघडत असेल, तर गायकाला बोलवायला हरकत नाही.