काजळीचे तीन पूर्वज

इंजिनात कार्बन धरतो ही तक्रार मोटारीइतकीच जुनी आहे. पण जुना कार्बन बसायचा तो इंधन जळते तिथे: पिस्टनच्या माथ्यावर, हेडच्या आतल्या बाजूला, स्पार्क प्लगच्या टोकाशी. आजच्या डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांना जो कार्बन छळतो, तो इन्टेक व्हॉल्व्हच्या पाठीवर बसतो. या वाटेने आत जाते ती हवा. इथे जाळ होत नाही, आणि या इंजिनांत इथे पेट्रोलही येत नाही. मग इतका जाड, डांबरासारखा काळा थर येतो कुठून? त्याचे कूळ शोधत गेले की तीन पूर्वज सापडतात, आणि तिघेही चांगल्या हेतूने जन्माला आलेले.

आधी जुन्या कार्बनचे. सुरुवातीच्या इंजिनांत पिस्टन रिंगांना चुकवून तेल वर चढायचे, पेट्रोलही हलक्या प्रतीचे असायचे. अर्धवट जळलेल्या तेलाचा थर साचला की त्याचे तापून लाल झालेले कण ठिणगीच्या आधीच इंधन पेटवायचे आणि इंजिन ठोके द्यायचे. १९०८ मध्ये आलेल्या फोर्ड मॉडेल टीचे हेड बोल्ट काढून उचलता येई, त्यामुळे कार्बन खरवडणे आणि व्हॉल्व्ह घासून बसवणे सोपे झाले. १९१० च्या दशकात अमेरिकेतल्या गॅरेजांत एक धाडसी रीतही होती: स्पार्क प्लग काढायचा, आत पेटती काडी टाकायची आणि नळीने ऑक्सिजन सोडायचा. ठिणग्या उडवत कार्बन जागेवरच जळून जाई. दोन महायुद्धांच्या मधल्या ब्रिटनमध्ये दर काही हजार मैलांनी हेड उतरवून कार्बन काढणे हा गाडी बाळगण्याचा नेहमीचा भाग होता.

आपल्याकडे हे काम घरोघरी पोचले ते स्कूटरमुळे. आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून बाहेर पडू लागलेल्या बजाज चेतकचे इंजिन टू-स्ट्रोक. पेट्रोलातच टू-टी ऑइल मिसळायचे, म्हणजे तेल जळणार हे ठरलेलेच. पिकअप गेला, सायलेन्सर चोंदला की मेकॅनिक हेड उघडून पिस्टनचा माथा खरवडायचा आणि सायलेन्सर भट्टीत तापवून आतला कार्बन जाळायचा. तेल जळते म्हणून कार्बन होतो, हे गणित तेव्हा सगळ्यांना समजत होते.

त्या सगळ्या काळात फोर-स्ट्रोक गाड्यांच्या इन्टेक व्हॉल्व्हला पेट्रोलाचे स्नान घडत होते. कार्बोरेटरमधून पेट्रोल हवेत मिसळूनच पुढे यायचे आणि व्हॉल्व्हवरून वाहत आत जायचे. १९८० च्या दशकात इंजेक्टर रुळले, तेव्हा ते इन्टेकच्या वाटेतच बसवले गेले आणि त्यांचा फवारा थेट व्हॉल्व्हच्या पाठीवर पडू लागला. पेट्रोल हे तेल-ग्रीस विरघळवणारे द्रव्य, ते जाता जाता धुलाई करायचे. मात्र ही धुलाई पुरेशी नव्हती. त्याच दशकात अनेक गाड्यांचे इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह चिकट थराने बरबटू लागले. तेव्हा तेल कंपन्यांनी पेट्रोलातली सफाईची रसायने सुधारली. ती तपासायला बीएमडब्ल्यू ३१८आय गाडी १०,००० मैल चालवून व्हॉल्व्हवरचा थर मोजण्याची चाचणी ठरली, आणि १९९५ पासून अमेरिकेत प्रत्येक पेट्रोलात अशी रसायने घालणे सक्तीचे झाले. या सगळ्या व्यवस्थेचा पाया एकच होता: पेट्रोल व्हॉल्व्हला स्पर्श करून जाते.

आता पहिला पूर्वज. पिस्टन रिंगा कितीही घट्ट असल्या तरी थोडा वायू त्यांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. तो तिथे कोंडला तर सील फुटतील, म्हणून जुन्या गाड्यांत एक नळी असायची, जी हा तेलकट वायू सरळ रस्त्यावर सोडायची. १९५० च्या सुमारास कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी लॉस एंजेलिसच्या डोळे चुरचुरवणाऱ्या धुरक्याचे मूळ दाखवून दिले: न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया. क्रँककेसची नळी ही त्यातल्या न जळलेल्या इंधनाची एक मोठी वाट होती. १९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियातल्या गाड्यांत आणि १९६३ पासून साऱ्या अमेरिकेत हा वायू एका झडपेतून पुन्हा इन्टेकमध्ये ओढून जाळला जाऊ लागला. मोटारीच्या प्रदूषणाविरुद्धचा हा पहिला ठोस उपाय, आणि तो उत्तमच होता. पण त्या दिवसापासून तेलाची सूक्ष्म वाफ इन्टेकच्या वाटेने सतत जाऊ लागली.

दुसरा पूर्वज १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचा. नायट्रोजनची ऑक्साइडे फार उंच तापमानाला तयार होतात. ते तापमान उतरवायला एक्झॉस्टचा थोडा वायू परत इन्टेकमध्ये मिसळायची युक्ती निघाली. हा वायू पुन्हा जळत नाही, फक्त जागा आणि उष्णता घेतो, त्यामुळे ज्वाला थंडावते. त्याच्याबरोबर काजळीचे कण मात्र इन्टेकमध्ये आले. पुढे अनेक इंजिनांत व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ बदलून हेच काम आतल्या आत होऊ लागले, तरी काजळी यायची ती येतच राहिली.

हे दोन पूर्वज कित्येक वर्षे निमूट नांदले, कारण मधे पेट्रोलाची धुलाई होती. तिसऱ्याने ती बंद केली.

पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारायची कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन मेसरश्मिट विमानांच्या डाइमलर-बेंझ डीबी ६०१ इंजिनात ती होती. ब्रिटिश स्पिटफायरच्या इंजिनाला कार्बोरेटर होता, त्यामुळे विमानाने एकदम नाक खाली घातले की पेट्रोल तुटून इंजिन अडखळायचे. जर्मन इंजिनाला ती अडचण नव्हती. युद्धानंतर गुटब्रोड आणि गोलिअथ या जर्मन कंपन्यांनी बॉशच्या पंपाने हे तंत्र आपल्या छोट्या टू-स्ट्रोक मोटारींत आणले. १९५४ ची मर्सिडीझ-बेंझ ३००एसएल ही डायरेक्ट इंजेक्शनची पहिली फोर-स्ट्रोक मोटार. तिचा यांत्रिक पंप इग्निशन बंद केल्यावरही इंजिन थांबेपर्यंत पेट्रोल फवारत राही. ते सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन खाली उतरे, आणि ऑइल वरचेवर बदलावे लागे. तंत्र मागे पडले ते संगणकाच्या नियंत्रणाची वाट पाहत.

१९९६ मध्ये मित्सुबिशीने गॅलंट मोटारीत जीडीआय नावाने ते परत आणले. पेट्रोल सिलिंडरमध्ये शिरून तिथेच वाफ होते, म्हणून आतली हवा थंडावते, दाब जास्त ठेवता येतो आणि कमी इंधनात जास्त जोर मिळतो. टर्बोची जोड मिळाल्यावर लहान इंजिन मोठ्या इंजिनाचे काम करू लागले. पण पेट्रोल आता व्हॉल्व्हच्या पलीकडे पडत होते. तेलाची वाफ आणि काजळी पूर्वीसारखीच येत राहिली आणि गरम व्हॉल्व्हच्या पाठीवर भाजून थरावर थर चढला. पेट्रोलातल्या सफाईच्या रसायनांना तिथवर पोचायची वाटच उरली नाही. थर जाड झाला की हवेचा मार्ग आक्रसतो, तिचे आत शिरताना घुमणे बिघडते, थंड इंजिन सकाळी थरथरते, मिसिंग येते आणि पिकअप हळूहळू कमी होतो. तो इतका हळू कमी होतो की रोज गाडी चालवणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही.

इलाज शोधताना वर्कशॉपचा हात गेला अक्रोडाच्या टरफलांकडे. २००६ पासून आलेल्या बीएमडब्ल्यूच्या एन५४ इंजिनांमुळे ही रीत विशेष गाजली. इन्टेक मॅनिफोल्ड उतरवतात, ज्या सिलिंडरचे काम आहे त्याचे व्हॉल्व्ह पूर्ण मिटतील असे इंजिन हाताने फिरवतात, आणि भरडलेली टरफले दाबाच्या हवेने मारतात. दुसरीकडून व्हॅक्यूम कचरा ओढून घेतो. टरफल कार्बन फोडण्याइतके कठीण आहे, पण व्हॉल्व्हच्या धातूला ओरखडा काढण्याइतके नाही. व्हॉल्व्ह जरा जरी उघडा राहिला तर भुसा सिलिंडरमध्ये जातो, म्हणून एकेक सिलिंडर सावकाश करावा लागतो. चालू इंजिनात इन्टेकमधून रसायन फवारण्याची पद्धत स्वस्त आणि झटपट आहे. कोवळ्या थरावर तिचा उपयोग होतो. वर्षानुवर्षे भाजलेला थर मात्र ती पुरता काढू शकत नाही, आणि सुटलेला मोठा तुकडा टर्बोच्या पात्यांकडे गेला तर नुकसान होते.

मुळावरचा उपाय टोयोटाने २००५ मध्ये लेक्ससच्या व्ही-६ इंजिनात केला: प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर, एक थेट आत आणि एक जुन्या जागी. वेगवेगळ्या भाराला योग्य मिश्रण देणे हा त्यामागचा मुख्य हेतू, पण त्यामुळे व्हॉल्व्हला पेट्रोलाचे स्नान परत मिळाले. २०१७ च्या मॉडेलपासून फोर्डनेही आपल्या एफ-१५० ट्रकच्या ३.५ लिटर इकोबूस्ट इंजिनाला दुसरे इंजेक्टर जोडले. थेट फवाऱ्याने जी धुलाई बंद केली होती, ती अभियंत्यांनी जास्तीचे इंजेक्टर खर्चून परत आणली.

महाराष्ट्रात हा विषय आता परका राहिलेला नाही. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या टीएसआय गाड्या, नाशिकला बनणाऱ्या महिंद्रा थारचे पेट्रोल इंजिन, सगळ्यांत डायरेक्ट इंजेक्शन आहे. त्याच वेळी सर्व्हिसच्या बिलात 'डीकार्बनायझेशन' ही ओळ सरसकट दिसू लागली आहे, कधी कधी ज्या गाडीचे पेट्रोल अजून व्हॉल्व्हवरूनच जाते तिच्याही बिलात. कार्बनचे कूळ माहीत असले की मालक नेमके विचारू शकतो: माझ्या गाडीचा इंजेक्टर कुठे आहे? व्हॉल्व्हवर थर आहे हे कॅमेऱ्याने दाखवता का? योग्य प्रतीचे ऑइल वेळेवर बदलले, गाडी केवळ दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत न घालवता अधूनमधून पुरती तापू दिली, तर थर सावकाश चढतो. चढलाच तर हे मान्य करावे की तो इंजिनाच्या रचनेतून आला आहे. त्यासाठी मेकॅनिकला, पेट्रोल पंपाला किंवा स्वतःला दोष देण्यात अर्थ नाही.

मला या कथेत सर्वांत मोलाचे वाटते ते पेट्रोलाचे ते दुसरे काम. शंभर वर्षे ते व्हॉल्व्ह धुत होते, पण रचनेच्या आराखड्यात त्याला धुण्याचे काम म्हणून कोणी नेमले नव्हते. यंत्रातला एखादा भाग हलवताना त्याचे नेमून दिलेले काम कोण करील हे अभियंता पाहतोच. तो भाग न सांगता आणखी काय करत होता, हे विचारण्याची सवय त्याहून दुर्मीळ आहे, आणि इंजिन घडवणाऱ्याला व दुरुस्त करणाऱ्याला दोघांनाही ती लागावी असे मला मनापासून वाटते.