बातमी, बातमीदार आणि शहानिशा



गेल्या वर्षी नववीच्या वर्गात इतिहासाचा तास चालू असताना एका मुलाने उभे राहून विचारले, "सर, हेर म्हणजे पैसे घेऊन चुगली करणारा माणूस ना? मग इतिहासात त्याचे एवढे कौतुक कशाला?" वर्ग हसला. मी मात्र क्षणभर गप्प झालो, कारण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तेवढ्यात घंटा झाली आणि उत्तर अपुरे राहिले. ते या स्मरणिकेच्या निमित्ताने पुरे करण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

राज्य म्हटले की बातमी आलीच. शत्रू कोठे आहे, बाजारात धान्याचा भाव काय आहे, अधिकारी रयतेला लुबाडतो की काय, हे ज्याला कळत नाही तो राज्य कसले करणार? म्हणूनच कौटिल्याने आपल्या 'अर्थशास्त्रा'त हेरांना मोठे स्थान दिले. साधू, व्यापारी, गृहस्थ, विद्यार्थी अशा नाना वेषांतील हेरांचे वर्णन त्याने केले आहे. पण वाचकहो, त्याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. एका हेराने सांगितले म्हणून राजाने विश्वास ठेवू नये. एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन हेरांचे म्हणणे जुळले, तरच बातमी खरी मानावी, असे तो बजावतो.

आता सुमारे दीड हजार वर्षे पुढे दिल्लीला या. सुलतान अल्लाउद्दीन खिलजी (१२९६ ते १३१६) याने धान्य, कापड, घोडे यांचे भाव बांधून दिले. ते भाव पाळले जातात की नाही, हे त्याला कसे कळे? इतिहासकार झियाउद्दीन बरनी लिहितो की, सुलतानाकडे बाजाराची बातमी तीन वेगवेगळ्या मार्गांनी येत असे: बाजाराचा अधिकारी 'शहना', सरकारी बातमीदार 'बरीद' आणि गुप्त हेर 'मुन्ही'. तिघांच्या बातमीत तफावत आढळली की शहन्याला शिक्षा! कौटिल्याचा ग्रंथ सुलतानाने वाचला असेल असे नाही. पण अनुभवाने दोघांना एकच धडा शिकविला.

याच राजवटीची दुसरी बाजूही बरनीनेच नोंदविली आहे. हेरांचा धाक एवढा वाढला की अमीर-उमराव आपल्या घरातही मोकळेपणाने बोलेनात आणि दरबारात तर खुणांनी बोलू लागले. बाजार सुधारला, परंतु माणसामाणसांतील विश्वास आटला. शत्रूची खबर काढणे वेगळे आणि शेजाऱ्याच्या दाराला कान लावणे वेगळे. कुरआन शरीफमधील सूरह हुजुरातने एकीकडे आलेल्या बातमीची शहानिशा करण्यास सांगितले आहे, तर दुसरीकडे एकमेकांची टेहळणी करण्यास मनाई केली आहे. या दोन्ही आज्ञा एकाच सूरहमध्ये असाव्यात, हे विचार करण्याजोगे आहे.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण तर आपणां सर्वांना ठाऊकच आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ च्या जानेवारीत सुरतेवर स्वारी केली, तिच्यामागे बहिर्जी नाईक आणि त्यांच्या साथीदारांनी आधी काढून आणलेली खबर होती. तलवार चालली ती नंतर. आधी चालले ते डोळे आणि कान.

पण केवळ डोळे आणि कान पुरत नाहीत; डोकेही लागते. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-किंदी नावाचा थोर विद्वान होऊन गेला. गणित, वैद्यक, संगीत, तत्त्वज्ञान अशा अनेक विषयांवर त्याने लिहिले. सांकेतिक लिपीतील पत्र किल्लीशिवाय कसे वाचावे, यावरही त्याने एक ग्रंथ लिहिला. त्याची युक्ती अशी: प्रत्येक भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, तर काही क्वचितच. त्या भाषेतील साधा मजकूर घेऊन प्रत्येक अक्षर किती वेळा येते ते मोजा. मग गुप्त पत्रातील चिन्हेही मोजा. जे चिन्ह सर्वांत जास्त वेळा येते, ते बहुधा त्या भाषेतील सर्वांत जास्त येणारे अक्षर! मुलांनो, घरी वर्तमानपत्राचे एक पान घेऊन करून पाहा. 'काना' किती वेळा येतो आणि 'ङ' किती वेळा, हे मोजलेत की अल्-किंदीची युक्ती लगेच ध्यानात येईल. या विद्येची सर्वांत जुनी उपलब्ध नोंद त्याच्याच ग्रंथात सापडते, आणि त्या ग्रंथाचे हस्तलिखित इस्तंबूलच्या संग्रहात आहे. पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या 'एनिग्मा' यंत्राचे संदेश उलगडले गेले, ते काम याहून शतपटीने अवघड होते. पण तेथेही पोलंडचे आणि इंग्लंडचे गणितीच कामास आले.

त्याच महायुद्धातील एका तरुणीची हकिकत आता सांगतो. तिचे नाव नूर इनायत खान. तिचे वडील हजरत इनायत खान हे बडोद्यात जन्मलेले संगीतज्ञ आणि सूफी. त्यांच्या आईकडून हे घराणे टिपू सुलतानाच्या वंशाशी जोडलेले. नूरचा जन्म १ जानेवारी १९१४ रोजी मॉस्को येथे झाला, आई अमेरिकन. बालपण पॅरिसजवळ गेले. १९२७ साली वडील दिल्लीत वारले, तेव्हा नूर अवघी तेरा वर्षांची होती आणि भावंडांत थोरली. आई दुःखाने खचली, म्हणून घराचा भार या मुलीवर आला. तरी तिने शिक्षण सोडले नाही. बालमानसशास्त्राचा अभ्यास केला, वीणेसारखे हार्प हे वाद्य शिकली, मुलांसाठी गोष्टी लिहिल्या. १९३९ साली तिने जातककथांचे पुस्तक प्रसिद्ध केले. सूफी घराण्यातील मुलीने बुद्धाच्या कथा मुलांना सांगाव्यात, हेही लक्षात घ्या.

१९४० साली जर्मनांनी फ्रान्स जिंकला. हे कुटुंब इंग्लंडला गेले. नूर तेथे हवाई दलाच्या महिला विभागात दाखल झाली आणि बिनतारी संदेशाचे काम शिकली. ती गुप्त कामासाठी निवडली गेली, तेव्हा काही प्रशिक्षकांना ती फार हळवी, स्वप्नाळू वाटली. तरीही १९४३ च्या जूनमध्ये एका रात्री लहानशा विमानाने तिला फ्रान्समध्ये उतरविण्यात आले. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये इंग्लंडने पाठविलेली ती पहिली स्त्री बिनतारी संदेशक होय. टोपणनाव 'मॅडेलीन'.

काही दिवसांतच तिचे बहुतेक सहकारी पकडले गेले. लंडनहून परत येण्याची सूचना झाली. तिने नकार दिला, कारण ती गेली असती तर पॅरिसच्या त्या गटाचा लंडनशी संपर्कच तुटला असता. सुटकेसमध्ये मावणारे जड यंत्र घेऊन ती जागा बदलत राहिली. जास्त वेळ संदेश पाठवावा, तर लहरींचा माग काढणाऱ्या जर्मन गाड्या दाराशी येत. असे तिने सुमारे चार महिने काढले. ऑक्टोबरमध्ये फितुरीमुळे ती पकडली गेली. तिने दोनदा पळण्याचा प्रयत्न केला. नंतर तिला जर्मनीतील फोर्ट्सहाइमच्या तुरुंगात साखळदंडांत एकटीला ठेवले. तिने सहकाऱ्यांची नावे सांगितली नाहीत. १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाउ येथील छळछावणीत तिला इतर तीन स्त्रियांसह गोळ्या घालण्यात आल्या. वय तीस वर्षे. १९४९ साली तिला मरणोत्तर 'जॉर्ज क्रॉस' देण्यात आला.

परंतु ही हकिकत केवळ शौर्याची नाही. तिच्याकडून एक चूक झाली होती: पाठविलेल्या संदेशांच्या नोंदी तिने वहीत ठेवल्या होत्या आणि ती वही जर्मनांच्या हाती पडली. त्यांनी तिच्याच यंत्रावरून तिच्या नावाने खोटे संदेश लंडनला पाठविले. लंडनच्या कचेरीत शंका घेण्याजोग्या खुणा आल्या होत्या, पण त्यांकडे नीट लक्ष दिले गेले नाही. परिणाम असा की पुढे पाठविलेले कित्येक हेर थेट शत्रूच्याच हाती उतरले. नूरने प्राण पणाला लावून बातमी पाठविली. कचेरीतील माणसांनी बसल्या जागी शहानिशा केली नाही. कौटिल्याचा आणि खिलजीचा धडा ते विसरले!

आजही तेच आहे. आकाशात उपग्रह फिरतात, संगणक क्षणात कोट्यवधी संदेश चाळतात. तरी २००३ साली इराककडे महासंहारक अस्त्रे आहेत अशा बातमीवर युद्ध पुकारले गेले. नंतर ती अस्त्रे सापडली नाहीत. साधने बदलली, माणसाची घाई बदलली नाही.

आणि हे केवळ मोठ्या राष्ट्रांचे म्हणून सोडून देऊ नका. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. म्हणजे प्रत्येक जण बातमीदार झाला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून जमावाने भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना ठार मारले. मागे होती फोनवर फिरलेली अफवा. तीन सोडा, एकानेही विचारले नाही की ही बातमी कोणी दिली, कोठून आली.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे. बाळा, चुगली करणारा आणि बातमीदार यांत फरक आहे. चुगलखोर दुसऱ्याचे वाईट व्हावे म्हणून ऐकीव सांगतो. खरा बातमीदार स्वतः पाहतो, मोजतो, जेवढे खरे तेवढेच सांगतो आणि वेळ आली तर त्याची किंमत स्वतः देतो. अल्-किंदीने अक्षरे मोजली, नूरने भाषा आणि बिनतारी शिकून घेतली. दोघांची सुरुवात अभ्यासाच्या मेजावरच झाली.

पालकहो, मुलांना शाळेत पाठविताना, आणि मुलींनाही तितक्याच आग्रहाने पाठविताना, आपण त्यांना केवळ नोकरीसाठी तयार करीत नाही. खरे-खोटे निवडण्याची ताकद देत असतो. आज संध्याकाळी फोनवर एखादी खळबळजनक बातमी आली तर ती पुढे पाठविण्यापूर्वी मुलाला जवळ बोलवा आणि विचारा, "ही खरी कशावरून?" त्याने उत्तर शोधले, तर आम्हा शिक्षकांचे श्रम सार्थकी लागले असे समजेन.