कळ दाबायला लागणारा वेळ आणि आत्महत्येचा धोका : डेथ-सुसाइड आयएटी नक्की काय मोजते?

(हा लेख वाचणाऱ्या कुणाच्या मनात सध्या असे विचार येत असतील, तर लेख नंतर वाचा. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर आधी फोन करा. फोन मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.)

डॉक्टर विचारतात, "जीव द्यावासा वाटतो का?" पेशंट म्हणतो, "छे, तसं काही नाही." मानसोपचारात धोका ओळखायची मुख्य पद्धत आजही हीच आहे : विचारायचं आणि उत्तरावर विश्वास ठेवायचा. २००३ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णालयात असताना किंवा तिथून सुटल्यावर लगेच आत्महत्या केलेल्या ७६ पेशंटच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. ज्यांच्या शेवटच्या बोलण्याची नोंद सापडली, त्यांच्यातल्या ७८ टक्के लोकांनी असे विचार नाहीत असंच सांगितलं होतं.

ते खोटं बोलले, असं म्हणून हा विषय संपत नाही. कुणाला घरी जायचं असतं, कुणाला बंद वॉर्डची भीती असते, कुणाला घरच्यांसमोर बोलायचं नसतं. काही जणांच्या मनात तो विचार त्या क्षणी खरंच नसतो आणि काही तासांत परत येतो. मग माणसाच्या तोंडी उत्तराशिवाय दुसरं काही मोजता येईल का? या प्रश्नातून जी चाचणी निघाली तिला डेथ-सुसाइड इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट म्हणतात. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे ही चाचणी आतून कशी चालते आणि तिच्या आकड्यावर किती भार टाकता येतो, एवढंच आपण इथे बघूया.

आयएटी म्हणजे काय?

इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट, म्हणजे आयएटी, १९९८ साली अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी मांडली. कल्पना साधी आहे. समजा स्क्रीनवर एकेक शब्द येतोय. फुलांची नावं आणि चांगले शब्द आले तर डावी कळ दाबायची, किडे आणि वाईट शब्द आले तर उजवी. मोगरा, आनंद, झुरळ, घाण : हात पटापट चालतो. आता नियम बदलला. झुरळ आणि आनंद एका कळीवर, मोगरा आणि घाण दुसऱ्या कळीवर. लगेच अडखळायला होतं. डोक्यात ज्या दोन गोष्टी आधीपासून जोडलेल्या असतात त्या एका कळीवर आल्या की काम लवकर होतं, नसल्या की वेळ लागतो. हा फरक बऱ्याचदा शे-दोनशे मिलिसेकंदांचा असतो, पण कॉम्प्युटरला तो आरामात मोजता येतो.

ही चाचणी जगभर पोहोचवण्यात महझरीन बानाजी यांचा मोठा वाटा आहे. त्या मूळच्या सिकंदराबादच्या, उस्मानिया विद्यापीठात शिकलेल्या आणि आता हार्वर्डमध्ये प्राध्यापक आहेत. आयएटी प्रसिद्ध झाली ती वंश आणि लिंगभेदाच्या पूर्वग्रहांमुळे, आणि त्यावरचे वादही तिथलेच. त्याच विद्यापीठातल्या मॅथ्यू नॉक यांनी बानाजींसोबत तीच यंत्रणा वेगळ्या कामाला लावली. फुलं आणि किड्यांच्या जागी 'मी' आणि 'इतर' आले, चांगलं-वाईटच्या जागी 'जीवन' आणि 'मृत्यू'.

चाचणी कशी होते?

पूर्ण चाचणीला साधारण पाच मिनिटं लागतात. सात टप्पे असतात. सुरुवातीचे टप्पे सरावाचे, नुसतं जीवन-मृत्यू किंवा नुसतं मी-इतर वेगळं करायचं. नंतर जोड्या येतात : एकदा 'मी' आणि 'जीवन' एका कळीवर, एकदा 'मी' आणि 'मृत्यू' एका कळीवर. कोणती जोडी आधी येते याचा परिणाम होतो, म्हणून निम्म्या लोकांना क्रम उलटा देतात. चुकीची कळ दाबली की लाल फुली दिसते आणि बरोबर कळ दाबेपर्यंत पुढे जाता येत नाही. घड्याळ तोपर्यंत चालूच असतं, म्हणजे चुकीचा दंड वेळेतच वसूल होतो. वेगळे गुण कापायची गरज पडत नाही. मला हे डिझाइन फार आवडतं.

स्कोअरला डी-स्कोअर म्हणतात. दोन्ही जोड्यांच्या सरासरी वेळांतला फरक काढायचा आणि त्याला त्याच माणसाच्या सगळ्या वेळांच्या प्रमाण विचलनाने भागायचं. भागायचं कशासाठी? मुळात सावकाश काम करणाऱ्याचे सगळेच फरक मोठे दिसतात : सत्तर वर्षांच्या आजोबांचे आणि गेम खेळणाऱ्या पोराचे मिलिसेकंद थेट एका तराजूत घालता येत नाहीत. दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेतलेली उत्तरं काढून टाकतात. दहा टक्क्यांपेक्षा जास्त उत्तरं ३०० मिलिसेकंदांच्या आत आली असतील तर तो माणूस नुसत्याच कळा बडवतोय असं धरून त्याचा पूर्ण डेटा बाद करतात. स्कोअर शून्याच्या वर गेला, तर 'मी' आणि 'मृत्यू' ही जोडी त्या माणसाला जास्त सोपी गेली असा अर्थ.

२०१० चा अभ्यास

मानसिक आजारांच्या इमर्जन्सी विभागात आलेल्या १५७ पेशंटना नॉक आणि सहकाऱ्यांनी ही चाचणी दिली. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर आलेल्यांचा स्कोअर बाकीच्यांपेक्षा जास्त होता. खरी बातमी पुढची होती. ज्यांचा स्कोअर मृत्यूच्या बाजूला झुकला होता, त्यांनी पुढच्या सहा महिन्यांत पुन्हा प्रयत्न करण्याचे ऑड्स सुमारे सहा पट होते. नैराश्य, आधीचे प्रयत्न, डॉक्टरांचा अंदाज आणि पेशंटचा स्वतःचा अंदाज, हे सगळं हिशेबात धरूनही चाचणी काहीतरी जास्तीचं सांगत होती.

इथे एक गफलत नेहमी होते. ऑड्स सहा पट म्हणजे शक्यता सहा पट नव्हे. मुळात शंभरातल्या दहा जणांना धोका असेल तर ऑड्स १ ला ९. ते सहा पट केले की ६ ला ९, म्हणजे शंभरात चाळीस. शक्यता चार पट झाली. तीही लहान नाही. पण १५७ लोकांतून सहा महिन्यांत पुन्हा प्रयत्न करणारे थोडेच निघणार, आणि थोड्या लोकांवरून काढलेला आकडा पुढच्या अभ्यासांत खाली येतो हा सर्वसाधारण अनुभव आहे. नंतरच्या अभ्यासांत स्कोअर आणि आत्महत्येचे प्रयत्न यांचा संबंध पुन्हा दिसला, पण एकेका माणसाबद्दल भाकीत करायची ताकद माफकच निघाली.

तरी हे संशोधन बिनकामाचं ठरत नाही. २०१७ साली ५० वर्षांतल्या ३६५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. नैराश्य, व्यसन, निराशा यांसारखे नेहमीचे घटक एकेकटे घेऊन केलेलं भाकीत नाणं उडवण्यापेक्षा किंचितच बरं निघालं. अख्खं क्षेत्रच इथे अडकलेलं असताना पाच मिनिटांची चाचणी थोडीशीही नवी माहिती देत असेल, तर ती घ्यायलाच हवी.

मग याचं अ‍ॅप का करायचं नाही?

एका ओळखीच्याने मला हाच प्रश्न विचारला होता. हॉस्टेलच्या मुलांसाठी अ‍ॅप काढायचं, सत्राच्या सुरुवातीला प्रत्येकाची चाचणी घ्यायची, स्कोअर लाल आला की रेक्टरांना मेसेज. कोड दोन दिवसांत होईल. मी नको म्हटलं, आणि कारण कोडमध्ये नाही, गणितात आहे.

समजा १००० मुलं आहेत आणि वर्षभरात त्यांच्यातली १० जण प्रयत्न करणार आहेत. समजा चाचणी धोक्यातल्या निम्म्यांना पकडते आणि धोका नसलेल्या ८० टक्क्यांना बरोबर सोडून देते. (हे आकडे हिशेबासाठी धरले आहेत.) १० पैकी ५ सापडली, ५ निसटली. उरलेल्या ९९० पैकी १९८ मुलं उगाच लाल झाली. रेक्टरांच्या यादीत २०३ नावं, त्यांतली खरी ५. प्रत्येक चाळीस नावांमागे एक. यादीतल्या १९८ मुलांच्या घरी फोन जाणार, खोलीत कुजबूज होणार, एखाद्याची प्लेसमेंटही अडकेल. निसटलेल्या पाच जणांबद्दल मात्र "स्कोअर हिरवा होता" म्हणून सगळे निर्धास्त राहणार. मला जास्त भीती या दुसऱ्या गोष्टीची वाटते.

तीच चाचणी इमर्जन्सी विभागात ठेवा. तिथे १००० पैकी १५० जणांना धोका आहे असं धरू. ७५ सापडतात, १७० चुकून लाल होतात. यादीतला जवळपास प्रत्येक तिसरा माणूस खरा. शिवाय समोर डॉक्टर आहे, त्यामुळे चुकून लाल झालेल्याला फार तर पंधरा मिनिटं जास्त बोलावं लागतं. चाचणी तीच आहे. बदललं ते मूळ प्रमाण आणि चुकीची किंमत.

त्यात आयएटीचा स्कोअर फारसा स्थिर नसतो. वेगवेगळ्या विषयांच्या आयएटी त्याच माणसाला पुन्हा दिल्या तर दोन स्कोअरमधला सहसंबंध साधारण ०.५ येतो. आणि 'मी' आणि 'मृत्यू' जवळ असणं म्हणजे मरायची इच्छा असणं नव्हे. नुकतंच घरातलं कुणी गेलं असेल किंवा स्वतःला गंभीर आजार असेल, तरी हे शब्द जवळ येऊ शकतात.

मराठीत करायची तर?

इंग्रजी शब्दांची यादी भाषांतर करून चालेल असं मला वाटत नाही. 'मृत्यू'च्या गटात 'मेला' घालून बघा. आपल्याकडे माणूस हसून हसून मरतो, भुकेने मरतो, "मरू दे रे" म्हणून विषय सोडतो, आणि आजी लाडातसुद्धा "मेल्या" म्हणते. हा शब्द मृत्यूशी जोडलेला आहेच, पण इतका सैल की त्याने नेमकं काय मोजलं हे सांगता येणार नाही. 'मेलेला-मेलेली' लिंगानुसार बदलतं. 'मृत' आणि 'जिवंत' बदलत नाहीत, ते बरे. 'मी'च्या गटात 'आपण' घेतलं तर घोळ, कारण त्याचा अर्थ मी, आपण सगळे आणि आदराने तुम्ही असा तिन्ही होतो. 'इतर'मधलं 'ते' कुणाला वडिलांची आठवण करून देईल. शब्दांची लांबी आणि जोडाक्षरंही दोन्ही गटांत सारखी लागतील, नाहीतर आपण मनातला संबंध न मोजता वाचनाचा वेग मोजत बसू.

वेळ मोजण्याची अडचण त्यामानाने छोटी आहे. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एक फ्रेम जवळपास १७ मिलिसेकंदांची असते, आणि टचस्क्रीन किंवा ब्लूटूथ कीबोर्ड त्यात आणखी उशीर घालतात. हा उशीर कायम सारखा असेल तर दोन जोड्यांच्या वजाबाकीत निघून जातो. कमीजास्त होणारा उशीर निघत नाही. म्हणून दोन्ही जोड्या एकाच बैठकीत, एकाच डिव्हाइसवर घ्यायच्या, आणि ब्राउझरमध्ये वेळेसाठी सिस्टिमच्या तारखेचं घड्याळ न वापरता हाय-रिझोल्यूशन टायमर वापरायचा.

स्कोअर आल्यावर पुढे काय?

लाल स्कोअर आला तरी शेवटी माणसाशी बोलावंच लागतं. थेट विचारल्याने डोक्यात नसलेला विचार घुसतो ही भीती आपल्याकडे अजून खूप आहे, पण अभ्यासांत तिला आधार सापडलेला नाही. कोलंबिया स्केलसारख्या प्रश्नावल्या याचसाठी आहेत : विचार येतात का, काही ठरवलं आहे का, आधी कधी प्रयत्न झाला का, हे क्रमाने आणि स्पष्ट विचारायचं.

त्यानंतरची सुरक्षा योजना एका कागदावर मावते. त्रास वाढतोय हे कशावरून ओळखायचं, तेव्हा स्वतः काय करायचं, कुणाकडे जायचं, कोणत्या डॉक्टरांना फोन करायचा, आणि घरातल्या कोणत्या धोकादायक वस्तू हाताशी ठेवायच्या नाहीत, हे पेशंट आणि डॉक्टर मिळून लिहितात. अमेरिकेत माजी सैनिकांच्या इमर्जन्सी विभागांत ही योजना आणि त्यानंतर विचारपूस करणारे फोन असं दोन्ही केलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नेहमीचे उपचार मिळालेल्यांच्या तुलनेत सहा महिन्यांतलं आत्मघाती वर्तन सुमारे ४५ टक्के कमी दिसलं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या होत्या, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. पोलीस केस होईल या भीतीने प्रयत्न केलेल्या माणसाला रुग्णालयात न्यायला घरचे अजूनही कचरतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरलं जातं आणि त्याची काळजी घेणं, उपचार करणं ही सरकारची जबाबदारी आहे. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नाही. सरकारी कर्मचाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं वेगळं कलम २२६ तेवढं त्यात आहे.