मोटारसायकलस्वाराचा कोट

दिवाळी सरली, की आपल्याकडे ट्रंकेतले स्वेटर डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट बाहेर निघतात. पहाटे फटफटीवरून निघणारा गृहस्थ एकावर एक दोन स्वेटर चढवतो, कानाला मफलर गुंडाळतो आणि गावची वेस ओलांडण्यापूर्वीच कुडकुडू लागतो. अंगाभोवती गरम हवेचा एक पातळ थर असतो. लोकर तो सांभाळते खरी, पण विणीच्या डोळ्यांतून वारा शिरला, की तो थर पार उडून जातो. फटफटीवर बसलेल्याला जी थंडी वाजते ती बहुतेक वाऱ्याची, आणि तो वारा त्याने स्वतःच उत्पन्न केलेला असतो.

ही साधी गोष्ट कापडात उतरवावयास युरोपला चाळीस वर्षे लागली. १८९४ साली जर्मनीत हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांची मोटारसायकल विक्रीस आली, तेव्हा तिच्यासाठी वेगळा पोशाख असा नव्हताच. घोडेस्वाराने किंवा गाडीवानाने जे घालावे तेच हे लोक घालीत. पुढे १९१४ साली महायुद्ध पेटले आणि इंग्लंडातील कॉलेजची मुले आपापल्या फटफट्या घेऊन लष्करात निरोपे म्हणून दाखल झाली. फ्रान्स-फ्लँडर्सच्या चिखलातून रात्री-अपरात्री, दिवा न लावता, कागद पोहोचवायचे. कातडी कोट वारा अडवी, पण भिजला म्हणजे अंगावर ओझे होई आणि लवकर वाळत नसे. मॅकिंटॉशने १८२३ साली पेटंट घेतलेले रबरी कापड पाणी आणि वारा दोन्ही थोपवी, पण घामही आतच कोंडून ठेवी. आतून ओला झालेला माणूस थांबला, की अधिकच गारठे. हा निव्वळ सुखसोयीचा प्रश्न नव्हता. बोटे बधिर झाली, म्हणजे ब्रेकचा दांडा किती दाबला गेला हेच कळत नाही.

उत्तर आले ते समुद्राकडून. शिडाच्या कापडाला जवसाचे तेल पाजले, की त्यातून वारा आणि पाणी सहसा जात नाही, हे इंग्लंड-स्कॉटलंडच्या खलाशांना ठाऊक होते. जवस म्हणजे आपल्याला चटणी आठवते. पण एकोणिसाव्या शतकात मुंबई आणि कलकत्त्याहून या बियांची पोतीच्या पोती बोटींवर चढत, ती विलायतेत तेल गाळण्यासाठी. या तेलाचा दोष असा, की कापड पिवळे पडे आणि कडाक्याच्या थंडीत ताठ होऊन तडके. १९३०-४० च्या दशकात तेलाच्या जागी पॅराफिनचे मेण आले आणि कापड मऊ राहू लागले. आपल्याकडे मेणकापड तान्ह्या मुलाखाली अंथरतात. त्याचाच हा शूर चुलतभाऊ!

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर साउथ शील्ड्स नावाचे बंदर आहे. तेथे जॉन बार्बर याने खलाशांच्या आणि गोदी-कामगारांच्या कपड्यांचे दुकान थाटले तेही नेमके १८९४ सालीच. त्याच घराण्यातील डंकन बार्बर हा फटफटीचा मोठा षौकीन. आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या शर्यतीसाठी त्याने १९३६ साली मेणकापडाचा पोशाख बेतला. त्यातला डाव्या छातीवरचा तिरपा खिसा मला फार आवडतो. बसल्या बसल्या उजव्या हाताने नकाशा चटकन काढता यावा म्हणून तो तसा शिवला होता. ज्याने स्वतः चिखलात गाडी हाकली आहे त्यालाच हे सुचावे. पुढच्या महायुद्धाच्या प्रारंभी ‘अर्सुला’ या ब्रिटिश पाणबुडीचा कप्तान जॉर्ज फिलिप्स याने हाच फटफटीचा पोशाख थोडा बदलून आपल्या पहारेकऱ्यांना दिला, आणि आरमारात तो ‘अर्सुला सूट’ म्हणूनच ओळखला गेला. समुद्राकडून उसने घेतलेले कापड असे समुद्राला परत मिळाले.

शास्त्र मागाहून आले. १९३९ ते ४१ च्या अमेरिकन मोहिमेत पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशात, उघड्या वाऱ्यावर नळीतले पाणी गोठावयास किती वेळ लागतो हे मोजले. निष्कर्ष १९४५ साली छापले गेले. २००१ साली सुधारलेल्या सूत्राने हिशेब केला, तर शून्य अंश हवेत ताशी ८० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात उघड्या कातडीला उणे दहा अंशांसारखे वाटते. शिंप्यांनी अंगावर घेऊन ठरवले तेच शास्त्रज्ञांनी आकड्यांत मांडले.

१९६९ साली रॉबर्ट गोर याने टेफ्लॉन झटक्यात ताणून जे सच्छिद्र पटल मिळवले, त्याने घामाचा प्रश्न बराचसा सोडवला. मेणाच्या कोटाला साबण चालत नाही, वर्षाकाठी हाताने मेण चोळावे लागते. तेव्हा नवे कापड घेणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. मात्र कोणी सल्ला विचारलाच, तर मी म्हणतो : आधी बाहेरचे वाराबंद कापड, मग गळा आणि मनगटे मिटतात की नाही ते पाहा, हातमोज्यांत बोटे मोकळी हलू द्या, आणि स्वेटर एकच पुरे. पैसे नसतील तर छातीशी शर्टाच्या आत वर्तमानपत्र घडी करून ठेवावे. घाटमाथ्यावरून उतरताना युरोपातले सायकलपटू हेच करीत आले आहेत, आणि रविवारचा अंक त्याला विशेष चांगला, कारण त्याला पाने जास्त असतात.