नाव डब्यावरचे, वस्तू डब्यातली



वाशीम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात, इंझोरी नावाचे गाव आहे. कपाशी, सोयाबीन, तूर पिकवणारा हा मुलूख. अशा कोणत्याही गावच्या किराणा दुकानात जाऊन थोडा वेळ उभे राहावे. एखादे पोर येते आणि म्हणते, "काका, एक कोलगेट द्या." दुकानदार शांतपणे विचारतो, "कोणतं देऊ?" आणि पोरही तितक्याच शांतपणे दुसऱ्याच एका कंपनीचे नाव सांगते! दोघांनाही यात काही वावगे वाटत नाही. कोलगेट म्हणजे दात घासण्याचे जे काही असेल ते. नाला खोल करायला येणारे यंत्र कोणत्याही कारखान्याचे असो, ते जेसीबीच. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थाच्या नावाची ही आद्याक्षरे आहेत, हे यंत्र चालविणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते, आणि ठाऊक नसल्याने त्याचे काही अडतही नाही.

हा भाषेचा आळस आहे असे काही पंडित म्हणतात. मला तसे वाटत नाही. नवी वस्तू गावात येते तेव्हा ती आपले नाव अंगावर छापूनच येते. लोक तेच उचलतात. आणि ही रीत आपलीच नव्हे. 'केरोसीन' हा शब्द आज रसायनशास्त्राच्या पुस्तकात असतो, पण मुळात ते अब्राहम गेस्नर नावाच्या संशोधकाने १८५४ च्या सुमारास आपल्या दिव्याच्या तेलासाठी घेतलेले व्यापारी नाव. आपण मात्र त्याला घासलेट म्हटले, रॉकेल म्हटले, आणि मोकळे झालो.

आपल्याकडे या गोष्टीचा सर्वांत मोठा इतिहास घडला तो डालड्याचा. तेलात हायड्रोजन वायू मिसळून त्याला तुपासारखे घट्ट करण्याची युक्ती जर्मनीत विल्हेल्म नॉर्मान याने विसाव्या शतकाच्या आरंभी साधली. असे घट्ट केलेले तेल हॉलंडहून मुंबईत येऊ लागले. ते आणणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव दादा. पुढे लिव्हर कंपनीने मुंबईत शिवडीला कारखाना काढला आणि 'दादा' या नावात आपले 'ल' हे अक्षर घुसवून १९३७ साली 'डालडा' बाजारात आणला. पिवळा डबा, त्यावर ताडाचे झाड. तूप परवडत नाही पण पंगतीत तेल वाढायची लाज वाटते, अशा घरांची त्याने सोय केली. वनस्पती तूप दुसऱ्या कंपन्याही काढीत होत्या; पण लोकांच्या तोंडी सगळाच डालडा. रिकाम्या डब्यात कोणी डाळ भरली, कोणी तुळस लावली, आणि पहाटे गावाबाहेर जाताना हातात काय असे ते सांगायला नको.

मात्र या सोयीला दुसरी बाजू होती. वनस्पती दिसायला तुपासारखी, म्हणून ती तुपात मिसळून खपविणे सोपे. महात्मा गांधींनी वनस्पतीविरुद्ध लिहिले. स्वातंत्र्यानंतर तिच्यावर बंदी घालावी अशी मागणी संसदेतही झाली. निदान तिला रंग तरी द्यावा, म्हणजे भेसळ डोळ्यांना दिसेल, असा विचार पुढे आला. पण टिकणारा आणि निर्धोक रंग काही हाती लागेना. तेव्हा सरकारने एक शहाणपणाचा मार्ग काढला. प्रत्येक वनस्पतीत निदान ५ टक्के तिळाचे तेल घातलेच पाहिजे, असा नियम केला. तिळाच्या तेलात असा एक घटक आहे की, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफुराल घालून नमुना हलविला की आम्लाचा थर गुलाबी-लाल होतो. तुपात डालडा मिसळला असेल तर तीळ चुगली करतो! लोक नावावर चालले होते. कायद्याने खूण ठेवली ती आतल्या मालात. डालडा हे नाव २००३ साली लिव्हरने दुसऱ्या कंपनीला विकले, तरी शब्द आपल्या तोंडात आहेच.

तुपाचे ठीक आहे. डालड्याला तूप म्हटले म्हणून मनुष्य त्याच रात्री दगावत नाही. शेतातल्या औषधाचे तसे नाही. (औषध! विषाला औषध म्हणणारी आपली भाषा. पण तो वेगळा विषय.)

तिथेही हीच रीत. मुंग्यांची पूड म्हणजे गमॅक्सीन. हे एका इंग्रज कंपनीचे नाव; आतले बीएचसी हे रसायन आपल्याकडे १९९७ साली बंद झाले, तरी जुनी माणसे अजून गमॅक्सीनच मागतात. डायमेथोएट कोणाचेही असो, ते रोगर. जमिनीत टाकायचे दाणेदार कीटकनाशक म्हणजे थिमेट. थिमेटमधील फोरेट हे अतिजहाल विष. त्याचा वापर ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाला. आता कोणी 'थिमेट द्या' म्हटले, तर दुकानदार दुसरे कोणते तरी दाणेदार औषध पुढे करील. शब्द तोच, पदार्थ निराळा. फोरेट पोटात गेले किंवा अंगात भिनले तर डॉक्टर ॲट्रोपिन देतात. तेच फिप्रोनील असेल तर ॲट्रोपिन हा त्यावर उतारा नव्हे. त्याला खास उतारा असा नाहीच, लक्षणे पाहून उपचार करावे लागतात.

कधी तर मालकच आतला माल बदलतो. तण मारणाऱ्या ग्लायफोसेटला आपल्याकडे सरसकट राउंडअप म्हणतात. पण अमेरिकेत घरच्या बागेसाठी विकल्या जाणाऱ्या राउंडअपमधून ग्लायफोसेट काढून दुसरी रसायने घालण्याचे मालक कंपनीनेच २०२१ साली जाहीर केले.

२०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. शेकडो आजारी पडले. अशा वेळी दवाखान्यात पहिला प्रश्न असतो, औषध कोणते होते? बाटली विकत घेतो मालक, पाठीवर पंप घेतो मजूर. त्याला माहीत असते ते एक नाव, आणि कित्येकदा तेही नाही.

वास्तविक १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली उत्तर बाटलीवरच छापलेले असते. मोठ्या अक्षरात कंपनीने ठेवलेले नाव, त्याखाली बारीक अक्षरात रसायनाचे नाव व प्रमाण. उभ्या चौकटीत रंगीत त्रिकोण: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. सोबतच्या पत्रकात विषबाधेची लक्षणे आणि उतारा असतो. शिक्षक मंडळींनी असे एखादे कोरे पत्रक दुकानातून मागून आणून सातवी-आठवीच्या मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे. ते पत्रक घरी सहसा कोणी वाचीत नाही, मुले वाचतील. आणि फवारणी चालू असेल त्या दिवशी बाटली व पत्रक बांधावर हाताशी असावे, म्हणजे वेळ आलीच तर ती रोग्याबरोबर गाडीत घालता येईल.